सरांची सही

चिमानं भिंतीवरचा स्विच बंद केला, कॉम्प्युटरवर खाकी कापडाचं झाकण घातलं, चारी बाजूंनी ओढून ते सारखं केलं आणि चपला घालायला ती दाराकडे निघाली. एवढंच झालं. यात दचकण्यासारखं काही नव्हतं. जेलनाक्यामागच्या त्या कौलारू खोलीत रोज दुपारी आठ-दहा वेळा हेच होत होतं, आणि ते दत्तारामनंच शिकवलेलं होतं. एकाची पाळी संपली की मशीन बंद, वर झाकण, मशीनला पाच मिनिटं विश्रांती, मग दुसऱ्याची पाळी. माणसाला दुपारची विश्रांती मिळो न मिळो, मशीनला मिळायची. आज फरक एवढाच होता, की चिमा आतून "सर, झालं" म्हणाली तेव्हा तो उंबऱ्यात पोस्टमनसमोर उभा होता. क्लासाला मशीन देणाऱ्या मुंबईच्या संस्थेचं रजिस्टर पत्र आलं होतं, पोस्टमनचं पेन उठत नव्हतं, आणि पेन झटकता झटकता तो आपल्या मेव्हणीच्या मुलाला क्लासात घ्या म्हणून गळ घालत होता. दत्ताराम आत न बघताच "आलोच" म्हणाला आणि बोलत राहिला. वळून बघतो तो मशीनवर झाकण घातलेलं.

"तू बंद केलंस?" त्यानं विचारलं.

"पान पुरं झालं ना सर. वाट बघितली तुमची. तुम्ही बोलत व्हतात, म्हणून मग मीच..." चिमाला वाटलं, झाकण नीट बसलं नसेल. ती परत आत आली आणि त्याच्या कडा पुन्हा ओढायला लागली.

त्यानं झाकण काढलं, स्विच लावला. मशीन घरघरलं, जरा वेळानं काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उठली. त्यानं चिमाच्या नावाखालचं काम उघडलं. सोमवारचे दोन परिच्छेद होते. त्यांच्या खाली आजचं पान असायला हवं होतं, आणि तिथं काही नव्हतं. एक हिरवी रेघ तेवढी लुकलुकत होती.

"माझं पान, सर?"

"गेलं."

"कुठं?"

याचं उत्तर त्याला येत होतं. दीड वर्षापूर्वी मुंबईला आठ दिवस शिकायला गेला होता तेव्हा ते त्यानं वहीत उतरवून घेतलं होतं, खाली लाल रेघ मारून. पडद्यावर लिहिलेलं फ्लॉपीवर चढवलं तरच ते राहतं. न चढवता मशीन बंद केलं की सगळं पुसलं जातं. पण चिमाच्या जागी त्याला गोदा दिसायला लागली होती. महिनाभरापूर्वी, मिरजोळ्याच्या कारखान्याच्या ऑफिसात, परक्या माणसांत परक्या मशीनसमोर बसलेली गोदा. समोर ठेवलेले दोन्ही कागद तिनं टाइप केले असतील. हात मांडीवर ठेवून वाट बघितली असेल. मग उठून स्विच बंद केला असेल, झाकण शोधून घातलं असेल, आणि जाताना कडा ओढून सारख्या केल्या असतील. असतील कशाला? तसंच झालं होतं. त्यानं तिला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. चिमाला त्यानं उद्या ये म्हणून सांगितलं, उरलेल्या मुलांनाही घरी घालवलं, आणि संस्थेचं पत्र न फोडता हातात धरून तो बाकावर बसून राहिला.

गोदा लांज्याजवळच्या बौद्धवाडीतली. बाप रामजी परळच्या गिरणीत होता. संपानंतर गिरणीनं परत घेतलं नाही, तेव्हा गावाला येऊन बसला तो बसलाच. बोलायचाही फारसा नाही. घर चालायचं ते आई सुंदराबाईच्या काजूच्या शेडमधल्या कामावर. गोदा दहावी झाली आणि आईशेजारी जाऊन बसली. भाजलेली बी लाकडी मोगरीनं फोडायची, तर टरफलातलं तेल उडतं आणि जिथं लागेल तिथली कातडी जाळतं. बायका हाताला राख फासून बसतात, तरी बोटं काळी पडायची ती पडतातच, सालपटं निघतात, मिठाला हात लावला की डोळ्यांतून पाणी येतं. पहिल्या दिवशी ती क्लासात आली तेव्हा नाव सांगतानाही तिनं हात ओढणीखालून काढले नव्हते. दत्तारामनं ते पाहिलं आणि काही विचारलं नाही. शेडचं काम सुटलं तशी पुढे सहा-सात महिन्यांत तिची बोटं निवळली. आधी नखांच्या कडा उजळल्या, मग पेरं. एखाद्याचं पोर अंगानं भरायला लागलं की बघणाऱ्याला बरं वाटतं तसं त्याला रोज बरं वाटायचं. आणि बोटं तरी कसली! मोगरी मारताना दुसऱ्या हातानं बी धरायची सवय; मार बोटावर बसायच्या आत हात काढून घ्यायची सवय. ती बटणांवर अशी चालायची की टाइपरायटरवर बारा वर्षं काढलेला दत्ताराम मागं उभा राहून नुसता आवाज ऐकत बसायचा.

म्हणून कारखान्यानं "मशीनवर काम करणारी एक मुलगी पाहिजे, तुमच्याकडची एक पाठवा, परीक्षा घेऊ" असा निरोप दिला तेव्हा त्यानं दुसऱ्या कुणाचा विचारच केला नाही. गोदा घरी सांगून आली होती, की आता आईला शेडमधून काढणार. तिच्या आईनं क्लासातल्या सगळ्यांसाठी नाचणीचे लाडू पाठवले होते, परीक्षेच्या आधीच. परीक्षेनंतर चौथ्या दिवशी कारखान्याचा हेडक्लार्क बाजारात भेटला आणि चारचौघांत म्हणाला, "अहो तांबेसर, कुणाला पाठवलंत? कोरं होतं. एक अक्षर नाही." आणि हसला. तो वाईट हसला नाही. पण हसला.

ते हसू घेऊनच दत्ताराम दुसऱ्या दिवशी क्लासात गेला होता. आता बाकावर बसल्या बसल्या त्याला तो सगळा दिवस पुन्हा दिसत होता, आणि बघायचा नाही म्हटलं तरी दिसत होता. गोदा नेहमीसारखी दहाच्या एसटीनं आली होती. चेहरा उत्सुक. तिला काही कळलेलं नव्हतं. आणि त्यानं तिला बाजूला घेऊन विचारायचं, तर सगळ्या पोरांच्या देखत विचारलं, "घाबरलीस का तिथं?"

"न्हाय सर."

"मग कोरं कसं?"

"कोरं?" ती म्हणाली. "सगला केला सर मी. दोनव कागद. एक चूक पन सुधारली."

"मग ते काय वाऱ्यावर उडालं? घाबरलीस तर घाबरले म्हण. माझ्यासमोर खोटं बोलू नकोस."

खोटं हा शब्द त्यानं वापरला. नुसता वापरला नाही, मोठ्यानं वापरला. गोदानं आपले हात उलटे करून बघितले, जणू त्यांनाच विचारत होती, तुम्ही केलंत ना? मग ती ओढणी सारखी करून जागेवर बसली, आपली पाळी आल्यावर उठली नाही, आणि चारच्या गाडीनं गेली. परत आली नाही. दत्तारामला तिचा राग तीन आठवडे पुरला. एवढं शिकवलं, आयत्या वेळी हातपाय गाळले, आणि वर कबूल करायला नको. आपल्या माणसांचं हेच होतं, असंसुद्धा त्यानं मनात म्हटलं होतं. आपल्या माणसांचं!

संध्याकाळ झाली तरी त्यानं दिवा लावला नाही. खोलीत कपाटातल्या छोट्या बल्बचा उजेड तेवढा फटीतून येत होता. हा बल्ब रात्रंदिवस जळत असायचा. मांडवीच्या समुद्राकडून येणारी खारी, ओली हवा कशालाच सोडत नाही; चप्पल, पुस्तक, चष्म्याचं घर, सगळ्यावर बुरशी. मग फ्लॉपीसारख्या नाजूक वस्तूचं काय घेऊन बसलात! म्हणून कपाटात बल्ब, बल्बाच्या उबेला पत्र्याच्या डब्यात फ्लॉप्या, कपाटाला कुलूप, आणि कुलपाची किल्ली दत्तारामच्या जानव्यासारखी गळ्यात. जानव्यासारखी हा त्याचाच विनोद. जानव्याचा आणि त्याच्या घराण्याचा संबंध काय होता ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. झाकणाची शिस्त मात्र त्याहून जुनी. टाइपिंग शिकला त्या क्लासात मास्तर सांगायचे, काम संपलं की कागद काढा, झाकण घाला, मग उठा. झाकण न घालता उठलेला दिसला तर दुसऱ्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही. खाऱ्या हवेनं टाइपरायटरचे दांडे आठ दिवसांत गंजायचे, म्हणून ती शिस्त. ती त्याच्या अंगात इतकी मुरली होती, की घरी पाण्याच्या कळशीवर झाकण नसलं तरी त्याला झोप यायची नाही. टाइपरायटरवर ते ठीकच होतं. कागदावर उमटलेलं अक्षर झाकण घातल्यानं कुठं जाणार? ते तुमच्या हातात असतं. कॉम्प्युटर आला, आणि त्यानं ती शिस्त उचलून जशीच्या तशी नव्या मशीनवर ठेवली.

आणि अक्षर फ्लॉपीवर चढवायची ती दोन-तीन बटणं? ती तो स्वतः दाबायचा. पोरगं "सर, झालं" म्हणालं की तो मागून वाकायचा, खांद्यावरून हात पुढे घालून बटणं दाबायचा, मशीनच्या तोंडाशी लाल दिवा लागायचा, आत करकर वाजायचं, आणि दिवा विझला की तो म्हणायचा, "हं, आता बंद कर. झाकण घाल." मुलांनी फ्लॉपीला हात लावायचा नाही, आणि फ्लॉपीशी संबंध असलेल्या बटणांनाही नाही, हा नियम. मुंबईच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, एक बोट लागलं की गेली, जपा. संस्थेनं एकच संच दिला होता, तो बिघडला तर नवा येईपर्यंत क्लास बंद. त्याला भीती वाटायची, हे खरं. काजूचं तेल लागलेली, मासळी निवडून आलेली, चुलीपुढून उठून आलेली ती बोटं. पण बाकावर अंधारात बसलेल्या माणसाला स्वतःशी खोटं बोलता येत नाही. नुसती भीती नव्हती. सगळी पोरं हात मागे घेऊन उभी राहायची, तो गळ्यातली किल्ली काढायचा, कपाट उघडायचा, डब्यातून ती काळी चौकोनी चकती दोन बोटांत धरून बाहेर काढायचा, आणि खोलीत कुणी श्वास घ्यायचं नाही. त्याला ते आवडायचं. तालुक्यात कुणाजवळ नाही ते आपल्याजवळ आहे, आणि आपण देऊ तेव्हाच दुसऱ्याला मिळेल, हे त्याला फार आवडायचं.

आबा, त्याचे वडील, असते तर त्यांना हे सांगता आलं असतं का? आबांनी एकदाच त्याला दाखवलं होतं. तो सात-आठ वर्षांचा असेल. अंगणात उभे राहून त्यांनी दोन्ही हात जोडून ओंजळ केली, खाली वाकले, आणि म्हणाले, "हे असा. आनि ते वरना सोडायचे पानी. त्यांच्या भांड्याला आपला हात लागता कामा न्हाय, आनि आपल्या हाताला त्यांचा भांडा. तान लागली का उभा ऱ्हायाचा, कोन येऊन सोडतो का बगत. कदी येयाचे, कदी न्हाय." छप्पन साली धर्म बदलला त्या दिवसापासून आबांनी ओंजळीनं पाणी प्यायचं सोडून दिलं. वहाळावर गेले आणि भांडं नसलं तर तसेच तहानलेले परत यायचे. खळाळतं पाणी समोर, कुणी अडवणारं नाही, पण हात जोडायचे नाहीत. दत्तारामला शाळेत असताना याचं हसू यायचं. आज आलं नाही. कोण येऊन सोडतो का बघत उभं राहायचं. मुलं म्हणायची, "सर, झालं," आणि हात मांडीवर ठेवून बसायची. तो यायचा, वरून सोडायचा. दीड वर्षं. आबांच्या मुलानं हे केलं. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते येऊ दिलं.

सकाळी तो कारखान्याच्या ऑफिसात गेला. हेडक्लार्कनं चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. दत्ताराम सांगताना एकदाही अडखळला नाही. चूक माझी आहे, मुलीची नाही, तिला पुन्हा बसवा, माझ्यासमोर बसवा. हेडक्लार्क बशीतला चहा संपवून म्हणाला, "जागा भरली हो. चिपळूणची मुलगी आली पंधरा दिवसांपूर्वी. आता तिला काय काढू?" मग आवाज खाली आणून, अगदी आपुलकीनं, "आणि तांबेसर, हे बाहेर बोलू नका. मुलगी घाबरली म्हणून लोक विसरून पण गेले. तुम्हाला येत नाही म्हटलं तर क्लासाचं नाव जाईल." दत्ताराम उठला. खिशात संस्थेचं पत्र होतं, सकाळी निघताना फोडलेलं. क्लासाच्या प्रगतीबद्दल समाधान, लवकरच दुसरा कॉम्प्युटर पाठवत आहोत. हेडक्लार्क म्हणत होता ते खरं होतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. तो गप्प राहिला असता तर दुसरं मशीन आलं असतं, नवी पोरं आली असती, त्यांना त्यानं बटणं नीट शिकवली असती, आणि गोदा नावाची एक मुलगी एकदा घाबरली होती एवढंच उरलं असतं. स्टँडकडे चालताना हा विचार त्याच्या बरोबरीनं चालत होता, हे त्यानं नंतरही कधी नाकारलं नाही. वाटेत तो क्लासाकडे वळला, कपाट उघडलं, डब्यातून एक फ्लॉपी काढली, पाकिटात घातली, आणि पाकीट वहीच्या दोन पुठ्ठ्यांत धरून लांज्याच्या गाडीत बसला.

गाडीत त्यानं बोलायचं ते जुळवून ठेवलं. आधी माफी. मग, परत ये. नोकरी गेली, पण शिकणं गेलेलं नाही. दुसरं मशीन येतं आहे, ते तू शिकवायचंस. हे त्याला पालीच्या पुढे कुठंतरी सुचलं आणि सुचल्यावर इतकं बरं वाटलं, की शेजारच्या म्हाताऱ्याला त्यानं न विचारता खिडकीची जागा दिली. गोदा शिकवील. पहिल्या दिवशी मुलांच्या हातात फ्लॉपी देईल. कपाटाला कुलूप नसेल. लांज्याला उतरून तो शेडकडे निघाला तेव्हा रस्त्यावरच भाजलेल्या टरफलांचा वास आला, घशाला झोंबणारा, आणि ते बरं वाटणं तिथंच ओसरायला लागलं.

सुंदराबाई दारातच होत्या, टरफलांची पाटी रिकामी करत. त्याला बघून त्यांनी पाटी खाली ठेवली. "सर? या. आत नका येऊ, धूर हाय." मग त्याच्या तोंडाकडे बघत, "पोरगीवर रागावलाव ना तुमी? तिला आता कायव बोलू नका. आठ दिस जेवली न्हाय. आदी सांगत व्हती, आये मी केलाय, सगला केलाय. आता म्हनते, न्हाय केला बहुतेक. माला वाटला आसल केला. डोक्यात कायतरी झाला आसल माज्या." त्यांनी डोळे पुसले नाहीत, हात तसले होते म्हणून. "माजी पोर खोटा बोलत न्हाय, सर. पन आता तीच म्हनते, तर मी काय बोलू?"

दत्ताराम उभ्या जागी ऐकत होता. तिनं खोटं कबूल केलं नाही म्हणून तो तीन आठवडे रागावला होता. आणि ती तिकडे खऱ्याचं खोटं करून घेत बसली होती, कारण सर म्हणाले. सरांचं चुकत नाही, एवढं तिनं धरून ठेवलं होतं, आणि त्या एका गोष्टीपायी स्वतःच्या बोटांवरचा विश्वास सोडून दिला होता.

गोदा आतून आली. जुनी साडी वर खोचलेली, केसांना फडकं. तिनं त्याला पाहिलं आणि हात पाठीमागे नेले.

"गोदा, तू केलं होतंस," तो म्हणाला. जुळवलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे. "दोन्ही कागद केले होतेस. बरोबर केले होतेस. मशीन बंद करायच्या आधी ते फ्लॉपीवर चढवायचं असतं, नाहीतर पुसलं जातं. ते मी तुला शिकवलं नाही. चूक माझी. तू खोटं बोलली नाहीस."

आत मोगऱ्यांचा आवाज चालू होता.

"तुम्ही मागून येऊन बटणं दाबायचात ती?" तिनं विचारलं.

"हो."

"मला वाटायचं, ती तुमची सही," गोदा म्हणाली. "वहीवर करतात ना, तपासली म्हणून. तशी." मग सावकाश, आठवत, "तिथं पन मी थांबले व्हते, सर. झालं म्हटलं. तो मानूस बाहेर गेला व्हता. म्हटलं, कोन येईल सही करायला. लई वेल बसले. मग कोन आला न्हाय, म्हणून झाकण घातलं." आणि एकदम तिचा चेहरा बदलला, हसला की रडायला आला ते कळेना. "म्हंजे मी केला व्हता. आये, ऐकलंस? मी केला व्हता!"

दत्ताराम म्हणाला, "परत ये. दुसरं मशीन येतंय. तू शिकवायचंस मुलांना."

"आता कसं येऊ सर?" ती म्हणाली. तक्रारीनं नव्हे, नुसतं सांगितलं. "आयेच्या छातीत धूर बसलाय, तिला उद्यापासना बसायचा न्हाय सांगितलंय डाक्टरनी. तिच्या जागेवर मीच हाय." आणि पाठीमागचे हात तिनं पुढे आणले, दाखवायला नाही, पदर सावरायला. तीन आठवडे फक्त. पेरं काळी झाली होती, अंगठ्याची कातडी सोलून लाल दिसत होती, नखांच्या कडांत तेल आणि राख बसली होती. सहा-सात महिन्यांत उजळलेलं सगळं परत गेलं होतं.

त्याला आता द्यायला दुसरं काही राहिलं नव्हतं. पुठ्ठ्यांतून त्यानं पाकीट काढलं, पाकिटातून फ्लॉपी काढली आणि दोन बोटांत धरून तिच्यापुढे केली. "ही तुझी. तुझ्याकडे राहू दे. घे, हातात घे."

गोदा एक पाऊल मागे सरली. "नको सर. तेल हाय हाताला. बोट लागला की जाते ना ती."

"लागू दे. गेली तर जाऊ दे. घे तू."

तिनं आईकडे बघितलं. सर एवढे लांज्यापर्यंत आले, त्यांचं मन कसं मोडायचं, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. मग तिनं पदराला हात पुसले, पुन्हा पुसले, ते पुसले जात नव्हते. शेवटी दोन्ही तळवे एकमेकांना लावून तिनं ओंजळ केली, जरा वाकली, आणि ओंजळ त्याच्या हाताखाली धरली.

"वरना सोडा, सर," ती म्हणाली. "म्हंजे माजा बोट लागनार न्हाय."

दत्तारामचा हात तिच्या ओंजळीच्या वर होता. त्याला तो खाली आणवेना आणि मागेही घेववेना. आतून मुकादमानं दुसरी भट्टी उतरली म्हणून हाक मारली. "आले," गोदा म्हणाली, आणि ओंजळ तशीच धरून त्याच्या सोडण्याची वाट बघत उभी राहिली.